संरक्षणाचा आदेश आणि नोकरीचा बागुलबुवा



आपल्या वस्त्यांतून, चाळींतून आणि शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींतून एक वाक्य अतिशय सहजपणे उच्चारले जाते. नवऱ्याच्या माराने अंग काळेनिळे झालेली बाई माहेरच्या दारात येऊन उभी राहिली, की घरातील वडीलधारी मंडळी तिला पाणी देतात, जेवू घालतात, दोन दिवस ठेवूनही घेतात, आणि तिसऱ्या दिवशी तिला सांगतात, "बाई, कोर्टाची पायरी चढू नकोस. त्याची नोकरी जाईल. मग तू आणि लेकरे खाणार काय?" नवरा पोलिसात, लष्करात किंवा बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहणारा असला, तर या वाक्याला आणखी एक शेपूट जोडण्यात येते: "त्याची बंदूक जमा करतील, आणि बंदूक गेली की पट्टा उतरलाच म्हणून समज." बाई गप्प बसते. तिची पिशवी पुन्हा भरली जाते. ज्यांनी तिला परत धाडले, त्यांना आपण एक संसार वाचविला याचे समाधान वाटते.

हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी खोटे आहे, आणि जेथे ते खरे आहे तेथेही त्याचा दोष बाईच्या पदरात टाकणे हा निव्वळ अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही येथे पुराव्यानिशी मांडणार आहोत. तुम्हांस ते कटू लागेल. परंतु ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांनी कटू ऐकण्याची तयारी ठेवलीच पाहिजे.

प्रथम हे मान्य करू की, नोकरी हा शब्द आपल्या घरांत हलका नाही. इतरांच्या घरी नोकरी गेली तर शेत असते, दुकान असते, मामा-काकांची ओळख असते. आपल्या पुष्कळ घरांत ठरलेल्या तारखेला पगार घेऊन येणारा पहिला माणूस अजून हयात आहे. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी गावकी केली, मेलेली ढोरे ओढली, भाकरीचे तुकडे गोळा केले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा या राज्यात १९५८ साली झाला, तोही बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे त्यासाठी आवाज उठविल्यानंतर. तेव्हा पगाराची चिठ्ठी ही आपल्याकडे नुसती पैशांची चिठ्ठी नसते. ती माणूसपणाची सनद असते. हे आम्ही जाणतो.

बंदुकीचेही तसेच आहे. १८१८ च्या १ जानेवारीस कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेसमोर जे उभे राहिले, त्यांच्या वंशजांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने लष्करभरतीची दारे बंद केली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असे खोटे शास्त्र रचून हे करण्यात आले. सुभेदार रामजींच्या पिढीने तो अपमान डोळ्यांनी पाहिला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा एका समाजाच्या खांद्यावर त्याचे शस्त्र परत आले. म्हणूनच आपल्या घरच्या भिंतीवर गणवेशातील माणसाचे छायाचित्र बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींच्या शेजारी लावलेले असते. त्यात काही गैर नाही.

परंतु जे शस्त्र आपण सन्मान म्हणून परत मिळविले, तेच घरच्या बाईला धाक घालण्यासाठी खुंटीवर टांगले जात असेल, तर तो सन्मान कोणाचा राहिला? "गोळी घालीन" हे शब्द ज्या घरात बंदूक नाही त्या घरात शिवी असतात; ज्या घरात बंदूक आहे त्या घरात ते शब्द म्हणजे पूर्वसूचना असते. हा फरक समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. बहुतेक लोक हा कायदा आणि सासरच्या छळाचा फौजदारी गुन्हा यांची सरमिसळ करतात. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ कलमात असलेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात गेलेला जो छळाचा गुन्हा, तो वेगळा. तेथे फिर्याद होते, आरोपी असतो, शिक्षा असते. २००५ च्या कायद्याखाली बाई न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाते ती शिक्षा मागण्यासाठी नव्हे, तर संरक्षण मागण्यासाठी. तिच्या अर्जात नवरा आरोपी नसतो. तो केवळ उत्तर देणारा पक्षकार असतो. बाराव्या कलमाखालील असा अर्ज म्हणजे गुन्ह्याची फिर्याद नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्या दिवशी संरक्षणाचा आदेश निघतो, त्या दिवशी नवऱ्याच्या नावावर कोणताही गुन्हा चढत नाही, त्यास अटक होत नाही, की त्याच्या सेवापुस्तकात काही लिहिले जात नाही.

आदेशात असते तरी काय? अठराव्या कलमात ते दिले आहे. मारू नकोस. दुसऱ्याकडून मारवू नकोस. ती जेथे नोकरी करते तेथे जाऊन गोंधळ घालू नकोस. मुलांच्या शाळेत जाऊन दहशत घालू नकोस. तिला न्यायालयाने मनाई केल्यावर फोन, चिठ्ठी, निरोप यांनी छळू नकोस. तिचे स्त्रीधन आणि दोघांच्या नावाचे बँकखाते परस्पर फुंकून टाकू नकोस. तिला आसरा देणाऱ्या नातलगांच्या अंगावर जाऊ नकोस. यातील एकही गोष्ट अशी दाखवा, की जी न केल्याने एखाद्या प्रामाणिक माणसाची नोकरी अडते! पोलीस शिपायाला कवायतीसाठी बायकोला मारणे आवश्यक आहे काय? बँकेच्या पहारेकऱ्याची पाळी मुलांच्या शाळेपुढे आरडाओरडा केल्याशिवाय भरत नाही काय?

आणि हा आदेश जातो कोणाकडे? चोविसाव्या कलमाप्रमाणे त्याच्या प्रती दोन्ही पक्षकारांना, संबंधित पोलीस ठाण्याला आणि त्या भागातील सेवा पुरविणाऱ्या संस्थेला विनामूल्य दिल्या जातात. त्या यादीत मालकाचे नाव नाही, कार्यालयाच्या मुख्याधिकाऱ्याचे नाव नाही, बँकेच्या व्यवस्थापकाचे नाव नाही. कार्यालयाला ही गोष्ट कायद्याच्या वाटेने कळण्याचा एक प्रसंग मात्र आहे, आणि तो नीट समजून घ्यावा. न्यायालयाने बायको-मुलांच्या खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर विसाव्या कलमाखाली दंडाधिकारी त्याच्या मालकास हुकूम करू शकतो, की याच्या पगारातील अमुक भाग थेट या बाईला द्या अथवा न्यायालयात भरा. म्हणजे कार्यालयात बोभाटा होतो तो बाईच्या अर्जाने नव्हे, नवऱ्याच्या चुकारपणाने.

याच कलमात आमच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. "तू खाणार काय?" असे ते विचारतात. कायदा सांगतो, त्याच पगारातून खाईल. मग ज्या पगारावर तिचा आणि तिच्या लेकरांचा घास अवलंबून आहे, तो पगार बंद पडावा असे तिला का वाटेल? त्याची नोकरी टिकावी अशी सर्वांत अधिक इच्छा कोणाची असेल, तर ती त्या अर्जदार बाईची. तिला नोकरी खाणारी म्हणणे हा तर्काचा खून आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे विचारावीशी वाटते. "नोकरी जाईल" असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एकच नोकरी का असते? आपल्या भगिनी आज परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, घरकाम करून संसार ओढणाऱ्या आहेत, पोलीस शिपाईही आहेत. सुजलेला चेहरा घेऊन कामावर जाण्याची लाज वाटते म्हणून किती जणी रजा टाकतात? दवाखान्याच्या दारात नवऱ्याने येऊन शिव्या दिल्या म्हणून किती जणींनी कामच सोडले? किती जणींचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते? या नोकऱ्या गेल्या तेव्हा पंचमंडळींनी बैठक बोलाविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कायद्याने मात्र याची दखल घेतली आहे. बाईला नोकरी करू न देणे किंवा तिचा पगार हिसकावणे हा आर्थिक छळ म्हणून घटनेच्या अहवालाच्या नमुन्यातच नोंदविलेला आहे, आणि तिच्या कामाच्या जागी पाऊल टाकण्यास नवऱ्याला मनाई करण्याची तरतूद आम्ही वर सांगितलीच. तेव्हा हा कायदा नोकरी घालविणारा नसून एक नोकरी वाचविणारा आहे; ती नोकरी बाईची आहे, म्हणून ती आपणांस दिसत नाही इतकेच.

मग पुरुषाची नोकरी कधी जाते? ती जाऊ शकते, हे आम्ही लपवीत नाही. आदेश निघाल्यावरही जो हात उगारतो, त्याने एकतिसाव्या कलमाखाली गुन्हा केलेला असतो. त्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि त्यास जामीन हक्काने मिळत नाही. राज्य सरकारचा कर्मचारी कोणत्याही कारणाने अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे तो निलंबित झाला असे मानण्यात येते. पुढे गुन्हा सिद्ध झाला, तर त्या वर्तनाबद्दल त्याला सेवेतूनही काढता येते. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदात तशी वाट ठेवलेली आहे. परंतु हा क्रम पाहा. प्रथम मार, मग अर्ज, मग नोटीस, मग सुनावणी, मग आदेश, मग त्याच आदेशाचा भंग, मग अटक, मग निलंबन. या सात-आठ पायऱ्यांपैकी बाईने चढलेली पायरी एकच आहे. उरलेल्या पायऱ्यांवर पुरुषास थांबण्याची संधी होती आणि तो थांबला नाही. अशा माणसाची नोकरी बायकोने खाल्ली असे म्हणावयाचे काय?

किंबहुना, ज्यांना मुलाच्या नोकरीची खरी काळजी आहे, त्यांनी सुनेला संरक्षणाच्या आदेशाकडे स्वतः घेऊन जावे. कारण ही वाट अडविल्यावर जी वाट उरते ती फौजदारीची असते, आणि तीही अडविली तर जे उरते ते रुग्णालयात किंवा स्मशानात संपते. तेथे पोहोचल्यावर नोकरी वाचविण्यास कोणीही समर्थ नाही.

आता बंदुकीच्या प्रश्नाकडे वळू. याविषयी आपल्या वस्त्यांत जितके बोलले जाते तितके कोणी वाचलेले नाही.

२००५ च्या कायद्यात बंदुकीचा शब्दही नाही. ही त्याची उणीव आहे, आणि ती आम्ही उणीव म्हणूनच सांगतो. परंतु त्याच्या एकोणिसाव्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे वकील मंडळींनीही पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. घरातील हिंसाचार टाळण्यासाठी दंडाधिकारी नवऱ्याकडून बंधपत्र, म्हणजे मुचलका, लिहून घेऊ शकतो. आणि असा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा हुकूम मानला जाईल, असे ते कलम म्हणते. आठवे प्रकरण म्हणजे काय हे आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको. निवडणूक आली, जयंतीची मिरवणूक आली, की आपल्याच तरुणांना जी 'चॅप्टर केस' लावली जाते, तेच हे प्रकरण. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. शांततेसाठी मुचलका घेण्याची व्यवस्था तीतही कायम आहे.

यास जोडून १९५९ चा शस्त्र अधिनियम वाचा. त्याच्या नवव्या कलमात असे आहे की, शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी त्या आठव्या प्रकरणाखाली ज्याला मुचलका लिहून देण्याचा हुकूम झाला, त्याने त्या मुचलक्याच्या मुदतीत बंदूक वा काडतूस मिळवू नये, जवळ ठेवू नये व बाळगू नये. हे दोन कायदे शेजारी ठेवले की निघणारा अर्थ सरळ आहे: ज्या नवऱ्याकडून असा मुचलका घेतला गेला, त्याने मुदत संपेपर्यंत खासगी परवान्याची बंदूक घरात ठेवता कामा नये. आमच्या भगिनींच्या वकिलांनी हा अर्थ न्यायालयापुढे आग्रहाने मांडावा. शिवाय सतराव्या कलमाखाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना तहकूब किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास स्वतंत्रपणे आहेच. ज्याला बंदूक जवळ ठेवणे बेकायदा झाले, त्याने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. आणि हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरून कैद झाली, तर कैद संपल्यावरही पाच वर्षे बंदूक जवळ बाळगता येत नाही.

पोलीस व लष्कर यांतील बंधूंची गोष्ट थोडी निराळी आहे. सरकारी नोकर आपल्या कर्तव्याच्या ओघात जे शस्त्र बाळगतो, त्याला शस्त्र अधिनियम लागूच होत नाही; पंचेचाळिसाव्या कलमाने ते वगळले आहे. म्हणजे शिपायाच्या हातातील सरकारी रायफल बायकोच्या मुचलक्याने आपोआप सुटत नाही. "बंदूक गेली की पट्टा उतरला" हे वाक्य ज्यांना उद्देशून सर्वांत अधिक वापरले जाते, त्यांच्याच बाबतीत ते सर्वांत खोटे आहे! वरिष्ठांनी असे प्रकरण कळल्यावर त्याला काही काळ बिनशस्त्र कामावर नेमले, तर ती शहाणपणाची गोष्ट होईल. त्याने पगार बुडत नाही.

खरी अडचण होते ती बँकेच्या वा रोकड वाहणाऱ्या गाडीच्या पहारेकऱ्याची. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस स्वतःच्या परवान्याची बारा बोअर घेऊन तेथे नोकरीस लागतो. त्याची बंदूक हेच त्याचे हत्यार, म्हणजे सुताराचा रंधा म्हणा. ती जमा झाली तर त्याची ती नोकरी धोक्यात येते, हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. परंतु त्याच वेळी हेही खरे आहे की, हीच बंदूक पाळी संपल्यावर त्याच्याबरोबर घरी येते. पोलिसाची रायफल रात्री शस्त्रागारात असते. पहारेकऱ्याची बारा बोअर पलंगाखाली असते. अशा घरात मार चालू असेल, तर पलंगाखालच्या बंदुकीचा विचार प्रथम करावयाचा की महिन्याच्या पगाराचा? आम्ही म्हणतो, बंदूक प्रथम बाहेर काढा. मालकाशी बोलून बिनशस्त्र पहाऱ्याचे काम मिळविता येते. कमी पगारात का होईना, घर चालते. मेलेली आई परत मिळविता येत नाही.

याबाबत अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपली काही आंबेडकरी कुटुंबे तेथेही स्थायिक झालेली आहेत, म्हणून ते अगदीच परके नाही. बंदूक बाळगणे हा तेथे संविधानाने दिलेला हक्क मानला जातो. आपल्याकडे ती केवळ परवान्याची बाब आहे. अशा देशातही १९९४ च्या कायद्याने असे ठरविले की, पत्नीला अथवा जोडीदाराला धोका आहे म्हणून ज्याच्याविरुद्ध रीतसर सुनावणीची संधी देऊन न्यायालयाने संरक्षणाचा आदेश काढला, त्याने तो आदेश असेपर्यंत बंदूक बाळगू नये. पोलीस आणि सैनिक यांच्या कर्तव्यावरील शस्त्राला या मनाईतून सूट ठेवली गेली. परंतु १९९६ साली एक पाऊल पुढे टाकून, घरातील मारहाणीच्या किरकोळ गणल्या गेलेल्या गुन्ह्यातही जो दोषी ठरला त्याला बंदूक बंद करण्यात आली, आणि येथे पोलिसाला वा सैनिकालाही सूट दिली नाही. तेथे अशा दोषी शिपायाची नोकरी खरोखर जाते, कारण बंदुकीशिवाय ती नोकरी उरत नाही. टेक्सास राज्यातील एका माणसाने १९९४ च्या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा २१ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा उचलून धरला. जेथे बंदूक हा हक्क आहे तेथील न्यायाधीशांनाही हे कळले. जेथे ती सरकारची मेहेरबानी आहे तेथील आमच्या पंचांना ते कळू नये, याला काय म्हणावे?

काही बंधू विचारतील, "खोट्या अर्जांचे काय?" प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. खोटा अर्ज कोणी करीतच नाही असे आम्ही म्हणत नाही. ज्या न्यायालयात जमिनीचे, मारामारीचे, निवडणुकीचे खोटे अर्ज होतात तेथे हेही होतील. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उत्तर देण्याची संधी आहे, आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे, परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागण्याची सोय आहे. अटकेच्या बाबतीतही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बजावले आहे. नव्याने नोकरीस लागणाऱ्या तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे की, चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर द्यावे. प्रकरण असण्यापेक्षा ते लपविल्यानेच अधिक उमेदवार बुडतात.

या सर्वांहून आम्हांस अधिक खटकणारी गोष्ट निराळीच आहे. नोकरीचे कारण पुरेसे पडले नाही, की आमची मंडळी धम्माचे कारण पुढे करतात. "आपण बौद्ध, आपण मैत्रीने वागावे. क्षमा करावी. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेली तर हिंदू लोक हसतील, म्हणतील धर्म बदलून यांचे काय बदलले?" नवदीक्षित कुटुंबांवर या शेवटच्या वाक्याचा फार परिणाम होतो, कारण गावाचे डोळे त्यांच्यावर रोखलेले असतात. आम्ही विचारतो, मैत्री आणि क्षमा यांचा उपदेश मार खाणारीलाच का? मारणाऱ्याला कोणी का करीत नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची आणि प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञा घेताना पुरुष हात जोडून उभे नव्हते काय? सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे, ही ती होत. त्यांत मारण्याचा अधिकार आम्हांस तरी कोठे आढळला नाही.

आणि बाबासाहेबांविषयी काय सांगावे! जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील महिला परिषदेत त्यांनी विवाहित स्त्रीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे, असे सांगितले. हिंदू कोड बिल रेंगाळत ठेवले गेले, हे ज्या कारणांसाठी त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्यांतील एक मोठे कारण होते. स्त्रियांच्या हक्कासाठी देशाच्या कायदेमंत्र्याने आपली नोकरी सोडली, आणि त्याचे नाव घेणारे आपण स्त्रीने आपले हक्क नोकरीसाठी सोडावेत असे सांगत फिरतो!

कित्येक ठिकाणी आता विहारात बैठका भरतात. चार पुरुष आणि एक वृद्ध बाई बसून 'समजूत' काढतात, कागदावर अंगठे घेतात आणि बाईला त्याच घरात पाठवितात. समजूत काढण्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या जातपंचायतीच्या जाचातून आपण बाहेर पडलो, तिलाच विहारात जागा द्यावयाची असेल, तर पंचशील म्हणून कशाला बसावयाचे? विहार समितीला न्यायाधीश होण्याचा अधिकार कोणी दिला? तिने साक्षीदार व्हावे, आधार व्हावे; फार झाले तर अर्जाबरोबर न्यायालयापर्यंत चालत जावे.

त्या चालण्याची वाटही सांगून ठेवतो. हा कायदा धर्म विचारीत नाही. विवाह बौद्ध पद्धतीने झाला आणि नोंदविला गेला नाही म्हणून अर्ज नाकारला जात नाही, कारण विवाहासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही तो संरक्षण देतो. अर्ज सासरच्याच गावी करावयास हवा असेही नाही. ती तात्पुरती जेथे राहते, म्हणजे माहेरी, तेथील न्यायालयातही तो करता येतो. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतो, आणि ते त्याचे कर्तव्य आहे; त्याच्याकडे आदराने पण निक्षून मागावे. १८१ या क्रमांकावर मदत मिळते. वकिलासाठी पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उशीर होतो. म्हणून अर्जासोबतच प्रतिज्ञापत्र देऊन तात्पुरता आदेश मागावा. धोका मोठा असेल तर दुसरा पक्ष येण्यापूर्वीही तो देता येतो.

घरात बंदूक असेल, तर अर्जात ते पहिल्याच पानावर लिहावे. बंदूक कोणती, ती कोठे ठेवलेली असते, काडतुसे कोठे असतात, तिचा धाक कोणत्या तारखेला आणि कोणासमोर घातला, हे लिहावे. अठराव्या कलमाखाली ती जमा करण्याचा आणि एकोणिसाव्या कलमाखाली मुचलक्याचा हुकूम स्पष्ट शब्दांत मागावा, आणि त्या अर्जाची एक प्रत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे, स्वतंत्र पत्रासोबत पाठवून पोच घ्यावी. परवान्याचा क्रमांक ठाऊक नसला तरी अडत नाही. नवऱ्याचे नाव आणि पत्ता यांवरून तो त्यांच्या दप्तरात सापडतो.